दुपारची रेघ

आमच्या विषयात भूकंप हा कचरा असतो. असं सांगितलं की लोक हसतात, नाहीतर माझ्या डिग्रीबद्दल शंका घेतात. पण ते खरं आहे. जमीन कधीच स्वस्थ नसते. दूर कुठे समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आपटतात, वाऱ्याने झाडं मुळांपर्यंत हलतात, ट्रक जातात, रेल्वे जातात, आणि या सगळ्याची बारीक थरथर चोवीस तास आपल्या पायाखाली चालू असते. आपल्याला ती जाणवत नाही. पण दोन ठिकाणी दोन यंत्रं ठेवली आणि दोघांनी ऐकलेली थरथर महिनोन्महिने एकमेकींशी ताडून पाहिली, तर त्या गोंगाटातून मधल्या जमिनीची ओळख हळूहळू वर येते. एका ठिकाणी कुणी टिचकी मारावी आणि दुसरीकडे ती ऐकू यावी, तसा आलेख मिळतो. टिचकी मात्र कुणीच मारलेली नसते. अशा कामात मधेच भूकंप झाला तर तो सगळ्यांवर आवाज चढवतो, म्हणून तो कापून टाकायचा. मी कितीतरी भूकंप असे फेकून दिले आणि कधी मनाला लावून घेतलं नाही.

कापाकापीत माझा हात बसलेला होता. मुळात मी तुसडीच. घरात पसारा चालत नाही, बोलण्यात फापटपसारा चालत नाही. आकड्यांतही नको तो आवाज दिसला की मी तो गाळून मोकळी व्हायचे. पीएचडीचे माझे गाइड कौतुकाने म्हणायचे, "आपका डेटा तो धुला हुआ लगता है." मी दिवसभर फुशारून फिरायचे.

माझं खरं काम कागदावरचं, समीकरणांचं होतं. चारी बाजूंनी सारखा गोंगाट येत असेल तर हे गणित चोख चालतं. पण एकाच ठिकाणी बसून कुणी एकच सूर धरून ठेवला तर सगळं गणित त्याच्याकडे कलतं. किती कलतं, ते मी समीकरणांतून मांडत होते. ते ताडून पाहायला मला खऱ्या दोन यंत्रांची नोंद हवी होती आणि त्यासाठी शांत जागा हवी होती. आमच्या कारखान्याच्या टाउनशिपइतकी शांत जागा तेव्हा भोपाळमध्ये दुसरी नसेल.

आमच्या ओळीत बारा क्वार्टर्स होते. आमचा नववा आणि अगदी टोकाचा बारावा, एवढ्या दोन घरांत माणसं राहत होती. बाकीचे लोक रिटायर होऊन कुणी अरेरा कॉलोनीत, कुणी मुलांकडे निघून गेले होते आणि नवी भरती कधीच थांबली होती. कारखान्याच्या इस्टेटवाल्यांनी रिकाम्या घरांची दारं-खिडक्या काढून नेली आणि घरं धोकादायक म्हणून भिंतींवर लाल रंगाने मोठाल्या फुल्या मारल्या. दारांच्या जागी नुसती भोकं उरली. कुणाच्या न्हाणीघरातून पिंपळ वर आला होता. कुणाच्या ओट्यावर मोर बसलेला मी स्वतः पाहिलाय. भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन होते, आणि एका चौकटीवर पेन्सिलीने कुणाच्या तरी पोरांच्या उंचीच्या खुणा होत्या. भर दुपारी आमच्याकडे एखादं भांडं पडलं की चार घरं सोडून कुणीतरी भांडं पाडल्यासारखा आवाज उलटून यायचा. मी लहानपणापासून तिथे राहिलेली, तरी त्या आवाजाला माझी मान वळायचीच.

एक यंत्र मी आमच्या मागच्या खोलीत, फरशी उचकटून खालच्या काँक्रीटवर बसवलं. दुसरं टाउनशिपच्या बंद पडलेल्या पंपहाउसमध्ये, आमच्यापासून साधारण किलोमीटरभरावर. पंपहाउसची परवानगी बाबांनी मिळवून दिली. तीन वर्षं हे मोजमाप चालायचं होतं आणि अर्धा प्रबंध त्यावर उभा राहायचा होता.

बाबांबद्दल सांगायला हवं. ते मूळचे पुण्याकडचे. कारखान्यात लागले आणि सगळी नोकरी तिथल्या एकाच शॉपमध्ये, एकाच विभागात, काढली. त्यांचं काम रोटर तोलायचं. कित्येक टनांचा तो लोखंडी दंडगोल खड्ड्यात ठेवून गरागरा फिरवायचा, तो कुठे जड आहे ते शोधायचं आणि नेमक्या जागी वजन लावून त्याची थरथर घालवायची. मोजायला उपकरणं होतीच. पण बाबा बेअरिंगच्या बैठकीवर उजवा तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि वजन कुठे लावायचं ते सांगायचे. उपकरण आणि बाबा यांचं जमलं नाही तर शॉपमधले लोक उपकरण पुन्हा तपासायचे. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी एखादा रोटर हट्टाला पेटला की त्यांच्यासाठी गाडी यायची. गाडी आली की बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, घरातल्या कुणाकडे न बघता, मागच्या सीटवर जाऊन बसायचे. आई म्हणायची, "नवरदेव निघाले."

आई भोपाळचीच. तिचे वडील नागपूरहून सरकारी कार्यालयांबरोबर इकडे आले होते. तिची स्वतःची नोकरीही राज्य सरकारच्या ऑफिसात होती. ती साडेदहाला निघायची, मी त्याच सुमारास स्कूटरवरून माझ्या संशोधन संस्थेत जायचे, आणि संध्याकाळपर्यंत घरात बाबा एकटे असायचे. कारखान्याच्या भोंग्यावर त्यांचा दिवस चालायचा. सकाळी शब्दकोडं, भोंगा झाला की जेवण, मग तासभर झोप, मग उरलेलं कोडं.

यंत्र बसवून थोडे महिने झाले आणि मला रेघ दिसली.

थरथरीचा आलेख रंगांत काढतात. आडवी वेळ, उभा कंपाचा वेग. आमच्या घरच्या आलेखात सेकंदाला पाच कंपांच्या आसपास एक बारीक पिवळी रेघ होती. अकराच्या सुमारास उगवायची, साडेपाच-पावणेसहापर्यंत टिकायची. जेवणानंतर तासभर बंद. रविवारी जवळजवळ नाहीच. रात्री तर अजिबात नाही. पंपहाउसच्या यंत्रात तिचा मागमूस नव्हता.

मी म्हटलं, झालं, सापडलं. सकाळी सुरू, जेवणाची सुट्टी, रविवारी बंद, म्हणजे गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या युनिटचं मशीन. दोन शनिवार मी गोविंदपुऱ्यात धूळ खात फिरले. मिनिटाला तीनशे फेरे घेणारं काही आहे का, म्हणून विचारलं. एका फाउंड्रीवाल्याने मला प्रदूषण मंडळाची समजून चहा आणि बिस्किटं दिली. मशीन काही मिळालं नाही. शिवाय मशीन असतं तर ते पंपहाउसला आधी ऐकू आलं असतं, कारण पंपहाउस गोविंदपुऱ्याच्या बाजूला होतं. हे मला चहा पिऊन झाल्यावर सुचलं.

म्हणजे जे काही होतं ते आमच्या घराजवळ होतं.

गाइडनी आलेख पाहिला आणि पेन खाली ठेवलं. "ये बिल्डिंग का तो नहीं? स्लैब?" मग शांतपणे म्हणाले की रेघेचा उगम सांगता आला नाही तर घरातलं स्टेशन रद्द करावं लागेल. स्टेशन रद्द म्हणजे अर्धा प्रबंध गेला. पण घरी येताना माझ्या डोक्यात प्रबंध नव्हता, स्लॅब होता. आमच्या शेजारच्या घराच्या भिंतीवर लाल फुली होती. त्याच भिंतीच्या अलीकडे बाबा दुपारभर एकटे बसलेले असायचे.

मी एक दिवस सुट्टी घेऊन घरीच बसले. मागच्या खोलीत यंत्राला लॅपटॉप जोडला आणि रेघेची वाट बघत राहिले. अकरा वाजले, बारा वाजले, रेघ नाही. बाबा पेपर वाचत होते, झाडांना पाणी घालत होते, आत-बाहेर करत होते. मला दोनदा चहा करून आणून दिला. साडेपाच वाजले तरी पडद्यावर काही नाही. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले आणि शनिवारी नोंद काढून पाहिली, तर मी गेल्यावर वीस मिनिटांत रेघ हजर. पुढच्या आठवड्यात परत घरी थांबले. परत नाही. असं तीनदा झालं. मी देव-भूत मानणाऱ्यातली नाही, आणि त्या वेळीही मानत नव्हते. पण त्या खोलीत जे काही होतं त्याला मी घरात असल्याचं कळत होतं. मी बघत असले की ते श्वास रोखून बसत होतं.

आईला सांगायला नको होतं, सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपण घरात असलो की ते चूप बसून राहिलं, असं म्हणतेस?"

"तसं नाही गं."

"मग कसं? तूच तर म्हणून राहिली." दुसऱ्या दिवसापासून तिने मागच्या खोलीत उदबत्ती लावायला सुरुवात केली. मी तिची टिंगल केली. पण उदबत्ती विझवली नाही.

बाबांना मी सगळ्यात शेवटी विचारलं. खरं म्हणजे थरथरीतलं कळणारा माणूस घरात होता आणि मी गावभर विचारत फिरले होते. पण बापाला विचारणं म्हणजे शाळेतलं गणित विचारल्यासारखं वाटायचं. रविवारी सकाळी मी आलेखाचे कागद त्यांच्यापुढे पसरले. ते मागच्या खोलीत आपल्या लोखंडी खुर्चीवर बसले होते. ही खुर्ची त्यांनी गोविंदपुऱ्यात एका वेल्डरकडून करून घेतली होती, इतकी जड की झाडायलाही कुणी ती हलवत नसे. त्यांनी चष्मा वर केला आणि कागद डाव्या हाताने जवळ ओढला.

"किती म्हणालीस?"

"पाच. कधी थोडं कमी, कधी थोडं जास्त."

"कमी-जास्त होतं?"

"हो. साडेचार ते सव्वापाच."

एका दिवसाच्या रेघेवरून त्यांनी डाव्या हाताचं बोट फिरवलं, उगवतीपासून मावळतीपर्यंत. मग म्हणाले, "हे मशीन नाही."

"कशावरून?"

"मशीनचा आकडा ठाम असतो. लोड आला की जरा खाली बसतं, पण असं मनाला येईल तसं वर-खाली होत नाही." ते पुढे म्हणाले, "हे जिवंत काहीतरी आहे."

त्यांच्या तोंडून ते ऐकून मला फरशीतल्या यंत्राकडे बघवेना. बाबा उगाच काही बोलणारे नव्हते. मी विचारलं, "स्लॅब तर नाही ना?" त्यांनी हसून मान हलवली. "स्लॅबला काही होत नाही. तू त्याचं टेन्शन घेऊ नकोस. तुझं स्टेशन जाणार का यामुळे?"

मी म्हटलं, उगम सापडला नाही तर जाणार.

"बरं," म्हणाले, आणि कागदांची चळत नीट करून माझ्या हातात दिली.

पुढच्या आठवड्यात रेघ निम्म्याहून बारीक झाली. मला काय कारण असावं ते कळेना. त्याच सुमारास बाबांनी त्या जड खुर्चीच्या चारी पायांखाली जाड रबराचे तुकडे लावले होते. शॉपमध्ये थरथर फरशीत उतरू नये म्हणून यंत्राखाली घालतात तसले. मी पाहिले. म्हातारपणी माणसं खुर्च्यांना मोजे घालतात, असं काहीतरी चेष्टेने बोललेही. बाबा हसले.

आणखी पंधरा दिवसांनी रेघ गेली. पार गेली. उगवली नाही, मावळली नाही. त्या महिन्याचा आलेख मी गाइडना दाखवला तेव्हा ते खूश झाले. "गया?" "गया, सर." "कैसे?" मी खांदे उडवले. आधीच्या महिन्यांतली रेघ मी फिल्टर लावून गाळली आणि प्रकरणात एक वाक्य लिहिलं: पाच हर्ट्झजवळचा स्थानिक अडथळा काढून टाकला आहे. घरी आईने उदबत्तीला श्रेय दिलं. मी म्हटलं, देऊ दे. बाबा आता दुपारी रिटायर लोकांच्या वाचनालयात जायला लागले होते, आणि लोखंडी खुर्ची वेल्डरकडे दुरुस्तीला दिली म्हणाले होते. मला बरं वाटलं. दिवसभर एकट्याने घरात बसून माणूस आंबतो.

एकच गोष्ट खटकली होती. शॉपची गाडी आली आणि बाबांनी ती परत पाठवली. पाठ धरली म्हणाले. त्यांची पाठ धरलेली मी कधी पाहिली नव्हती. पण मी प्रकरण लिहिण्यात गढले होते.

माझ्या पद्धतीची एक खोड आहे. ती विसरत नाही. एका दिवसाच्या नोंदीत जे दिसत नाही ते महिनाभराच्या नोंदी एकावर एक ठेवल्या की वर येतं. प्रकरण पुरं करताना मी वीस-बावीस दिवसांची सरासरी काढली आणि पाच हर्ट्झवर मला पुसट डाग दिसला. तीच वेळ, तीच जेवणाची सुट्टी, तोच रविवार. आमचं यंत्र तीन दिशांची थरथर वेगवेगळी नोंदवतं, त्यामुळे पूर्वीची रेघ खोलीतूनच येत होती हे मला कळलं होतं. ही रेघ पश्चिमेकडून येत होती, भिंतीपलीकडून.

ते गेलं नव्हतं. आमच्या घरातून उठून शेजारच्या रिकाम्या घरांत जाऊन बसलं होतं.

मी घाबरले, हे कबूल करते. पण आता मला त्याचा रागही आला होता. माझ्या अर्ध्या प्रबंधावर टपून बसलेलं हे आहे तरी काय, ते बघायचंच ठरवलं. संस्थेतून एक छोटं, हातात मावणारं मापक आणलं. आठवड्यातला मधला दिवस होता, तीनचा सुमार. पंपहाउसच्या यंत्रातलं नोंदींचं कार्ड बदलायचं होतं, म्हणून स्कूटर तिथेच लावली आणि लॅपटॉप खांद्याला अडकवून चालत आले. ऊन पांढरं पडलं होतं. ओळीत चिटपाखरू नव्हतं. आमच्या घराला कुलूप होतं, बाबा वाचनालयात.

मी आमच्या व्हरांड्यापासून सुरुवात केली. मापक जमिनीवर ठेवायचं, दोन मिनिटं थांबायचं, पडदा बघायचा. आमच्याकडे काही नाही. आठव्या घरात शिरले. आत गेल्यावर उन्हाने दिपलेल्या डोळ्यांना आधी काही दिसेना, नुसता वटवाघळांचा वास. फरशीवर मापक ठेवलं. काही नाही, की आहे? अगदी किंचित. सातव्या घरात ते पडद्यावर ओळखू येऊ लागलं, पाचच्या जवळ एक छोटा उंचवटा. सहाव्यात सरासरी काढायची गरजच उरली नाही. पडद्यावर ते उघड धडधडत होतं, सेकंदाला पाच, थोडं कमी, थोडं जास्त. मी भिंतीला हात लावला. हाताला काही लागलं नाही. घर तर गप्पच होतं, बाहेर खारी ओरडत होत्या. त्या भिंतीपलीकडे पाचवं घर.

पाचव्या घराच्या व्हरांड्यात मी थबकले. बाकी सगळ्या घरांत पाऊल बुडेल इतकी धूळ आणि पालापाचोळा होता. इथे व्हरांडा झाडलेला होता. कोपऱ्यात केरसुणी उभी होती. त्या लाल फुलीखाली, बिनदाराच्या घरात, कुणीतरी रोज केर काढत होतं. परत फिरावं असं मला फार वाटलं. पाय मात्र आत गेले.

आतल्या खोलीत बाबा बसले होते.

लोखंडी खुर्ची त्यांनी तिथे नेली होती, तिच्या पायांना रबर तसंच होतं. कशी नेली असेल कोण जाणे. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. उजवा हात मांडीवर होता आणि तो हलत होता. अंगठा आणि बोटं एकमेकांवर फिरत होती, गोळी वळताना फिरतात तशी. उजवी टाच त्याच तालात जमिनीवर टकटकत होती. टाचेखाली जुन्या ब्लँकेटची घडी होती. डाव्या हातात पेपर होता, कोड्याचा. कोड्याच्या चौकटींत मुंगीएवढी अक्षरं होती.

मी मापक खाली फरशीवर ठेवलं; पडद्यावर तोच ताल उमटत होता. मी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्या हाताकडे.

चाहूल लागून त्यांनी मान वळवली. उजवा हात उचलून चष्मा नीट केला, आणि उचलताक्षणी हात थांबला. पडद्यावरचा उंचवटा खाली बसला. काही करायला घेतलं की हात स्थिर, स्वस्थ बसलं की सुरू, झोपेत बंद. मी घरी असले की ते दिवसभर झाडांना पाणी का घालत होते आणि मला दोन-दोनदा चहा का मिळत होता, ते मला तिथे उभ्या-उभ्या कळलं.

ते दचकले नाहीत, ओशाळले नाहीत. पडद्याकडे हनुवटीने खूण करून म्हणाले, "अजून येतंय का तिथे?"

मी खरं ते सांगितलं. "थोडंसं."

"मग आणखी लांब जायला हवं," ते म्हणाले. "उद्यापासून पहिल्या घरात बसतो."

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही. मी खाली फरशीवर बसले. त्या माणसाने माझं स्टेशन वाचावं म्हणून आधी स्वतःच्या खुर्चीखाली रबर घातलं होतं, आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून घर सोडलं होतं. उन्हाच्या दिवसांत, पंख्याशिवाय, दुपारभर तो या भिंतीकडे तोंड करून बसत होता. मी तो आवाज गाळून दाखवून वर कौतुकही करून घेतलं होतं.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"तू आकडा सांगितलास तेव्हा. आधी वाटायचं, थकवा असेल. तू पाच म्हणालीस. दुसऱ्या दिवशी मी घड्याळ लावून मोजलं."

"मग सांगितलं का नाही? आईला तरी?"

त्यांनी उजवा हात उलटा करून तळव्याकडे पाहिलं. हात मांडीवर टेकताच पुन्हा सुरू झाला. या वेळी त्यांनी तो झाकला नाही. "सांगून काय? शॉपमध्ये कळलं असतं. मग गाडी येणं बंद."

"तुम्हीच परत पाठवलीत."

"पाठवली," म्हणाले. "पण ती आली होती ना." मग म्हणाले, "थरथरणारा हात ठेवून थरथर कशी ओळखणार?"

आम्ही दोघांनी मिळून ती खुर्ची परत घरी आणली. चार घरांच्या वाटेत चार वेळा खाली ठेवावी लागली.

आईला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती आधी माझ्यावर भडकली, मग बाबांवर. मग मागच्या खोलीत जाऊन तिने उदबत्तीचं घर उचललं आणि देवघरात नेऊन ठेवलं.

साकेत नगरच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासणी झाली. डॉक्टरांनी बाबांना शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. हिशोबात मन गुंतलं की हात जास्त हलतो. तो हललाच. मला आठवलं, रेघ अकरा ते बारा सगळ्यात ठळक असायची, कोड्याच्या वेळेला. आजाराचं नाव, कंपवात, आमच्या अंदाजाबाहेरचं नव्हतं. औषधं आहेत, बरीच वर्षं नीट निघतात, असं ते म्हणाले. मग विचारलं, त्रास कधीपासून आहे. बाबा म्हणाले, दोन-तीन महिने असेल.

मी वहीतून आलेख काढून डॉक्टरांपुढे ठेवला. त्याहून कितीतरी आधीची तारीख होती. डॉक्टर कागद उलटसुलट करून बघत राहिले. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

त्यानंतर मी एक काम केलं, जे माझ्या स्वभावात बसत नाही. मी गाळलेलं परत काढलं. मूळ नोंद आम्ही कधी पुसत नाही, ती तशीच असते. पहिल्यापासूनची प्रत्येक दुपार घेतली आणि उलटा फिल्टर लावला. बाकी सगळी पृथ्वी गाळून टाकली, समुद्र, ट्रक, झाडं, आणि नुसती ती रेघ ठेवली. एकेका दिवसाची रेघ बघत भर दुपारी संस्थेत बसले होते. इथे ते चहा करायला उठले, सात-आठ मिनिटं रेघ तुटली. इथे दाराशी कुणी आलं. इथे झोपले. आणि प्रत्येक दिवशी साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास पाच हर्ट्झच्या वर एक घरघरीचा पट्टा दिसायचा, मोठा होत यायचा आणि बंद व्हायचा. ती माझी स्कूटर. पट्टा नुसता सुरू व्हायचा, वळणावर, घरापासून बराच लांब, आणि रेघ तिथेच संपायची. एकूण एक दिवशी. माझी चाहूल लागली की हात लपवला जायचा. मी स्वतःला फार बारकाईने ऐकणारी समजत होते आणि जे ऐकायला हवं होतं ते रोज संध्याकाळी माझ्याच येण्याने बंद पडत होतं.

गाळल्याचं ते वाक्य मी प्रकरणातून काढलं. रेघ आकृतीत तशीच ठेवली. खाली लिहिलं: उगम माहीत आहे, खोलीतली एक व्यक्ती. गाइडनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पान उलटलं. स्टेशन राहिलं. उगम माहीत असला की गणितात त्याची जागा मांडता येते, आणि माझं मूळ कामच ते होतं. बाबांना मी सांगितलं की तुम्ही खोलीतच बसायचं, मला लागतं ते. त्यांना पटलं नाही, पण ते बसू लागले. औषधाने रेघ बारीक झाली, गोळीची वेळ टळत आली की ठळक व्हायची. शनिवारी मी कार्ड काढून आणायचे आणि त्यांचा आठवडा बघायचे.

पहिले काही आठवडे रेघ स्कूटरपाशी संपतच राहिली. सवय होती ती. मग एका शनिवारी एका दिवसाची नोंद उघडली. अकराला उगवली, कोडं, जेवण, झोप, चहा. पावणेसहाला स्कूटरचा पट्टा आला, मोठा झाला, बंद पडला. फाटक उघडल्याचा ठोका, मग माझ्या पावलांचे ठोके, व्हरांडा, खोली. आणि त्या सगळ्याखालून रेघ तशीच पुढे चालू होती. मी आत येऊन त्यांच्या शेजारी बसले होते तोवर, आणि त्यानंतरही बराच वेळ.